गुडघे टेकलेला राजा आणि म्यानात गेलेली तलवार

एल्सिनोरच्या किल्ल्यातली रात्र. डेन्मार्कचा राजा क्लॉडियस एकटाच गुडघे टेकून बसला आहे, पाठमोरा. आसपास पहारेकरी नाहीत, दरबारी नाहीत. मागून त्याचा पुतण्या हॅम्लेट येतो, तलवार उपसतो, चोवीस ओळी बोलतो, तलवार पुन्हा म्यानात घालतो आणि निघून जातो. राजाला यातलं काहीच कळत नाही. अख्ख्या नाटकात हे दोघं इतके जवळ, आणि मध्ये तिसरं कोणी नसताना, पुन्हा कधीच येत नाहीत.

शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मधल्या तिसऱ्या अंकाचा हा तिसरा प्रवेश मी प्रकरण म्हणून मांडते आहे. नाटक शिकणाऱ्या मुलांबरोबर तो मी अनेकदा वाचला आहे, आणि दर वेळी पान उघडायच्या आधीच कुणीतरी उत्तर देऊन मोकळं होतं: 'त्याचं धाडस झालं नाही.' करू की नको यात अडकलेला राजपुत्र ही प्रतिमा आपल्या मनात इतकी मुरलेली आहे. मला हे उत्तर पटत नाही. त्या रात्री हॅम्लेटला राजाचा जीव घेणं पुरेसं वाटलं नाही. त्याला जिवापलीकडचं काहीतरी हवं होतं, आणि ते मिळेपर्यंत थांबायची त्याची तयारी होती.

आधी काय झालं ते थोडक्यात. थोरला राजा बागेत दुपारची झोप घेत असताना त्याच्या भावाने कानात विष ओतलं. लोकांना सांगितलं साप चावला. भाऊ गादीवर बसला आणि दोन महिन्यांच्या आत विधवा राणी गर्ट्रूडशी त्याने लग्न केलं. मेलेल्या राजाचं भूत येऊन मुलाला हे सगळं सांगतं आणि दोन गोष्टी बजावतं: माझ्या खुनाचा सूड घे, आणि आईच्या वाटेला जाऊ नकोस, तिला देवावर सोपव. हॅम्लेटला शंका येते की सैतानच बापाचं रूप घेऊन आला असेल तर? म्हणून तो फिरत्या नटांकडून दरबारात तसाच खून करून दाखवतो. राजा मध्येच उठतो, दिवे मागवतो. शंका फिटली. भुताचा शब्द आता हजार पौंडांना घ्यायला तयार आहे, असं हॅम्लेट मित्राला, होरेशियोला सांगतो. आईने बोलावलंय म्हणून तिच्या महालाकडे निघतानाचे त्याचे शब्द तर असे आहेत की आत्ता आपण गरम रक्तही पिऊ शकू. वाटेत त्याला हा पाठमोरा राजा दिसतो.

म्हणजे पुरावा आहे, संताप आहे, हातात हत्यार आहे आणि समोर उघडी पाठ आहे.

मूळ कथेत हा पेच नव्हता. सॅक्सो ग्रामाटिकस या डॅनिश इतिहासकाराने लॅटिनमध्ये लिहून ठेवलेल्या गोष्टीत भावाचा खून उघड आहे, साऱ्या देशाला ठाऊक आहे. तिथला राजपुत्र वेडाचं सोंग घेतो ते जीव वाचवायला. भूतही तिथे नाही. शेक्सपिअरच्या नाटकात खून गुपित आहे, आणि सत्य माहीत असण्याचं ओझं एकट्या मुलावर येऊन पडतं. पण भुताबरोबर आणखी एक गोष्ट नाटकात शिरली, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. भुताची तक्रार फक्त खून झाल्याची नाही. शेवटचा प्रसाद नाही, मरणापूर्वीचं तेललेपन नाही, पापांचा कबुलीजबाब नाही, हिशेब न देताच मला वर पाठवलं, असं ते कळवळून सांगतं. बापाला झालेल्या यातनेचं नाव 'तयारी नसताना आलेलं मरण' असं आहे. मुलाच्या कानात हे वाक्य शिरलं आणि तिथून ते पुढे कसं फिरतं, यावर या प्रकरणाचा सगळा भार आहे.

आता राजाकडे पाहू. क्लॉडियसला एकटं पाहण्याची ही पहिली वेळ आहे. त्याचं पहिलंच वाक्य असं की माझ्या पापाची दुर्गंधी स्वर्गापर्यंत पोचली आहे. भावाला मारण्याचा, सगळ्यात जुना शाप आपल्यावर आहे, हे त्याला ठाऊक आहे. मग तो वकिलासारखा विचार करू लागतो. क्षमा मागायची ती कोणत्या तोंडाने? ज्यासाठी खून केला ते सगळं अजून माझ्याकडेच आहे. इथे तो तीन गोष्टी मोजतो: मुकुट, महत्त्वाकांक्षा आणि राणी. लुटीचा माल घरात ठेवून माफी मिळते का? या जगात मिळते, सोन्याने मढवलेला हात न्यायाला बाजूला सारतो, असं तो स्वतःच म्हणतो. वर तसं चालत नाही. पूर्ण नाटकात स्वतःच्या हेतूंचा इतका स्वच्छ पंचनामा दुसऱ्या कोणी केलेला नाही, हॅम्लेटनेही नाही. म्हणून मला क्लॉडियस हा नुसता खलनायक वाटत नाही. खरं काय आणि करायला काय हवं, दोन्ही त्याला दिसतं, आणि तरी तो करत नाही.

शेवटी तो स्वतःच्या गुडघ्यांना हुकूम सोडतो: 'वाका, हट्टी गुडघ्यांनो.' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. मन वाकत नाही म्हणून तो निदान शरीर वाकवून पाहतो. हॅम्लेट आत येतो तो बरोबर इथेच. त्याला दिसतात ते वाकलेले गुडघे. आधीची सदतीस ओळींची झटापट त्याने ऐकलेली नाही, आपण ऐकली आहे.

हा प्रवेश उभा राहून करून पाहिला की एक गोष्ट हाताला कळते. एका मुलाला गुडघे टेकवून बसवायचं आणि दुसऱ्याच्या हातात लाकडी तलवार द्यायची. पहिल्या ओळीला, 'आत्ता करून टाकता येईल, आत्ताच तो प्रार्थनेत आहे', तलवार वर जाते. दुसऱ्या ओळीत 'आणि करतोच' येतं, आणि लगेच 'म्हणजे तो स्वर्गात जातो'. बस्स, इथे मनगट सैल पडतं. कुणी सांगावं लागत नाही. पुढच्या ओळी तलवार वर धरून बोलताच येत नाहीत, कारण त्या हिशेबाच्या ओळी आहेत. एका हरामखोराने माझ्या बापाला मारलं, आणि त्याबद्दल मी, त्याचा एकुलता एक मुलगा, त्या हरामखोराला स्वर्गात पाठवतो? ही तर मजुरी झाली, पगार झाला, सूड नव्हे. त्याने माझ्या बापाला भरल्या पोटी, पापं ऐन बहरात असताना गाठलं. मग याला का सोडू? आणि यादी सुरू होते: दारू पिऊन पडलेला असेल, रागात असेल, त्या अनैतिक शेजेवर असेल, जुगारात असेल, शिव्या देत असेल, तेव्हा त्याला असा पाडू की टाचा स्वर्गाकडे उडतील आणि आत्मा नरकासारखा काळा होऊन नरकातच जाईल. तलवार म्यानात.

तो जातो आणि राजा उठतो. दोन ओळी: शब्द वर उडतात, विचार खालीच राहतात; विचारावाचून शब्द स्वर्गाला पोचत नाहीत. म्हणजे प्रार्थना झालीच नव्हती. त्या क्षणी वार केला असता तर हॅम्लेटला हवं होतं तेच घडलं असतं. हे फक्त प्रेक्षकाला कळतं, आणि कळून त्याला काहीही करता येत नाही.

या प्रसंगाची तयारी नाटकाने एक अंक आधीच करून ठेवली होती. नट राजवाड्यात येतात तेव्हा हॅम्लेट एक भाषण म्हणायला लावतो, ट्रॉयच्या पाडावाचं. अकिलीसचा मुलगा पिऱ्हस बापाचा सूड घ्यायला म्हाताऱ्या राजा प्रायमवर तलवार उगारतो आणि ती हवेतच अडकल्यासारखी थांबते. चित्रातल्या माणसासारखा तो क्षणभर काहीच न करता उभा राहतो, आणि मग रक्ताळलेली तलवार खाली येते. हॅम्लेटने हे मुद्दाम मागून ऐकलं होतं. पिऱ्हसचा हात थांबला त्यात विचार नव्हता. हॅम्लेटचा थांबला तो विचारामुळेच, आणि तो विचार दयेचा नव्हता.

या चोवीस ओळींवर पिढ्यान् पिढ्या वाद झाला आहे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी शेक्सपिअरच्या नाटकांच्या १७६५ च्या आवृत्तीत हे भाषण वाचवत नाही आणि उच्चारवत नाही इतकं भयंकर असल्याचं लिहिलं; नायक म्हणून ज्याला उभं केलंय तो रक्तासाठी रक्त घेऊन थांबत नाही, शत्रूला कायमचा नरक मिळावा म्हणून योजना करतो, याने ते हादरले होते. पुढच्या काळातल्या समीक्षकांना हे सोसलं नाही. ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ मध्ये हॅम्लेटचं कारण हा बहाणा मानला, चालढकल करणाऱ्या मनाने स्वतःलाच दिलेली सबब. फ्रॉइडच्या मार्गाने गेलेल्यांनी आईबद्दलच्या दडपलेल्या इच्छेत कारण शोधलं. त्यात मी इथे शिरत नाही. ब्रॅडली यांचं एक म्हणणं मात्र मी जसंच्या तसं स्वीकारते: नाटक वळतं ते इथे. राजाला सोडलं आणि त्यापायी राजाचा मंत्री पोलोनियस, त्याची मुलगी ऑफेलिया, रोझेनक्रांट्झ, गिल्डनस्टर्न, लेअर्टिस, राणी आणि स्वतः हॅम्लेट, असे सात जीव गेले.

बहाण्याचं मत मला का पटत नाही? कारण हॅम्लेटने हा विचार पुढे प्रत्यक्षात आणला आहे, फक्त दुसऱ्या माणसांवर. राजा त्याला इंग्लंडला पाठवतो, त्या प्रवासात त्याला राजाचं मोहोरबंद पत्र सापडतं: हॅम्लेट पोचताच त्याचं डोकं उडवा. तो दुसरं पत्र लिहितो, बापाच्या अंगठीने मोहोर लावतो. त्यात हुकूम असा की पत्र आणणाऱ्या दोघांना ताबडतोब मारा, पापाच्या कबुलीलाही वेळ देऊ नका. हे दोघे, रोझेनक्रांट्झ आणि गिल्डनस्टर्न, त्याचे लहानपणापासूनचे सोबती. राजाची चाकरी करत होते हे खरं, पण पत्रात काय आहे हे त्यांना माहीत असल्याचा कुठलाही पुरावा नाटकात नाही. मारायचं म्हटलं तरी 'कबुलीला वेळ देऊ नका' याची गरज काय होती? ती ओळ बापाच्या तक्रारीतून आली आहे. बापाला जे नाकारलं गेलं ते आपण कुणाला तरी नाकारायचं, ही हॅम्लेटच्या मनातली वसुली आहे. राजाच्या पाठीमागे तो जे बोलला ते मनापासून बोलला होता.

आणि वसुली बरोबरीचीही नाही. भुताचे शब्द नीट वाचावेत. आपण ठरावीक मुदतीसाठी रात्री भटकतो आणि दिवसा आगीत कोंडलेले असतो, जिवंतपणी केलेली पापं जळून जाईपर्यंत, असं ते सांगतं. म्हणजे बाप नरकात नाही. त्याच्या शिक्षेला मुदत आहे. क्लॉडियससाठी मुलगा मागतो आहे ती बिनमुदतीची शिक्षा. बापाने मागितला होता खुनाचा सूड; चुलत्याच्या आत्म्याचा निकाल लावायला त्याने कधीच सांगितलं नव्हतं. उलट आईच्या बाबतीत तर देवाचं काम देवावर सोडायला बजावलं होतं. हॅम्लेटने ती मर्यादा चुलत्याच्या बाबतीत ओलांडली.

महाभारत वाचलेल्याला इथे सौप्तिक पर्व आठवल्याशिवाय राहणार नाही. द्रोणाचार्य शस्त्र खाली ठेवून योगात बसलेले असताना धृष्टद्युम्नाने त्यांचं मस्तक तोडलं. त्यांचा मुलगा अश्वत्थामा रात्री छावणीत शिरतो, झोपलेल्या धृष्टद्युम्नाला गाठतो. धृष्टद्युम्न विनवतो: मला शस्त्राने मार, म्हणजे मला पुण्यलोक मिळेल. अश्वत्थामा नकार देतो, गुरूला मारणाऱ्याला कोणतेही लोक नाहीत म्हणतो आणि त्याला लाथांनी तुडवून मारतो. बापाचा मुलगा, बेसावध शत्रू, आणि नुसता जीव नको तर त्यापुढची गतीही हिरावून घ्यायची इच्छा. दोन कथांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण हा विकार एकच आहे. आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट' मराठीत आणलं तेव्हा त्याला 'विकारविलसित' असं नाव दिलं, ते मला या प्रवेशापाशी सगळ्यात जास्त पटतं. मराठी रंगभूमीवर गणपतराव जोशी यांचा चंद्रसेन, म्हणजे हॅम्लेट, गाजला तो याच रूपांतरातला.

हॅम्लेटपुढे दुसरा मार्ग होता का? प्रकरण म्हणून पाहताना हे विचारायलाच हवं. त्या जागी राजाला मारून तो दरबाराला काय सांगणार होता? प्रार्थनेत गुडघे टेकलेल्या राजाला मागून भोसकलं, आणि साक्षीला एक भूत. नाटकाच्या खेळात राजा दचकला हे होरेशियोने पाहिलं होतं, पण दचकणं म्हणजे कबुली नव्हे. न मारण्याचं हे एक शहाणं कारण होऊ शकलं असतं. ते हॅम्लेटच्या चोवीस ओळींत एकदाही येत नाही. राज्याचं काय, लोक काय म्हणतील, माझं पुढे काय, यातलं काहीच नाही. त्याचं सगळं लक्ष एका आत्म्याच्या मुक्कामावर आहे.

यानंतर काही मिनिटांतच तो आईच्या महालात आहे. पडद्याआड हालचाल होते, तो 'उंदीर!' म्हणून ओरडतो आणि पडद्यातूनच तलवार भोसकतो. आईला विचारतो: 'राजा आहे का तो?' म्हणजे मारायची तयारी होती, हात धजत होता. इथे चेहरा दिसत नव्हता, प्रार्थना दिसत नव्हती, म्हणून हिशेब करायला जागाच नव्हती. पडद्यामागे निघतो म्हातारा पोलोनियस. 'तुझ्याहून वरचा कुणी असेल असं मला वाटलं होतं,' एवढंच हॅम्लेट त्याला म्हणतो. नको त्या वेळी आवरलेली तलवार नको त्या माणसात घुसली, आणि त्या एका वारासरशी हॅम्लेट स्वतः कुणाच्या तरी बापाचा खुनी झाला.

राणीचं काय? 'राजाला मारण्याइतकंच वाईट' हे मुलाचं वाक्य ऐकून ती चकित होऊन म्हणते, 'राजाला मारण्याइतकं?' १६०३ च्या पहिल्या छापील प्रतीत ती शपथेवर सांगते की या खुनाची मला कल्पना नव्हती. १६०४-०५ च्या आणि १६२३ च्या प्रतींत ही शपथ नाही, तिथे फक्त तो चकित प्रश्न उरतो. मला तेवढ्यावरूनच ती निर्दोष वाटते, निदान खुनाच्या बाबतीत.

पोलोनियसचा मुलगा लेअर्टिस फ्रान्सहून परत येतो तो जमाव घेऊनच. सदसद्विवेक गेला खड्ड्यात, मला नरकाची पर्वा नाही, असं तो गर्जतो. हॅम्लेटला दुसऱ्याला नरकात पाठवायचं होतं, हा स्वतः जायला तयार आहे. दरम्यान बहीण ऑफेलिया वेडी होऊन ओढ्यात बुडते. क्लॉडियस लेअर्टिसला विचारतो, बापाचा मुलगा म्हणून तू काय करशील? तो म्हणतो: 'चर्चमध्ये त्याचा गळा कापीन.' यावर राजाचं उत्तर अंगावर येतं: खुनाला कुठल्याही पवित्र जागेने आसरा देऊ नये, सुडाला मर्यादा नसावी. प्रार्थनेला बसल्यामुळेच ज्याचा जीव वाचला, तो माणूस हे बोलतो आहे. त्याला ते माहीत नाही. मुलांबरोबर हे वाचताना या ओळीनंतर मी नेहमी थोडा वेळ थांबते.

समुद्रावरून परतलेला हॅम्लेट वेगळा आहे. चिमणी पडते तीही देवाच्या योजनेने, तयार असणं एवढंच आपल्या हाती, असं तो होरेशियोला सांगतो. वेळ निवडायचा हट्ट त्याने सोडून दिला आहे. आणि गंमत नव्हे, नाटककाराची अतिशय कठोर मांडणी म्हणून पाहावं असं पुढे घडतं: त्याने त्या रात्री केलेली यादी आपोआप पुरी होते. लेअर्टिसशी होणारी शेवटची तलवारबाजी पैजेवर आहे, राजाचे सहा बार्बरी घोडे एका बाजूला, सहा फ्रेंच तलवारी आणि खंजीर दुसऱ्या बाजूला. राजाच्या हातात मद्याचा पेला आहे. शेजारी तीच राणी. जुगार, दारू आणि चाललेलं कारस्थान, म्हणजे तारणाचा लवलेश नसलेली वेळ. राणी विषाचा पेला पिऊन पडते, लेअर्टिस राजाबरोबर रचलेला विषाचा कट उघड करतो, आणि हॅम्लेट विषारी तलवार राजात घुसवून उरलेलं मद्य त्याच्या तोंडात ओततो. 'माझ्या आईच्या मागे जा,' हे त्याला ऐकवलेलं हॅम्लेटचं शेवटचं वाक्य. नरकाचा हिशेब त्यात नाही, आणि बापाचं नावही नाही.

मरता मरता लेअर्टिस त्याच्याकडे वळतो. आपण एकमेकांना क्षमा करू, म्हणतो. माझं आणि माझ्या बापाचं मरण तुझ्या माथी नको, तुझं माझ्या माथी नको. दोघेही बापासाठी हत्यार उचललेले मुलगे, आणि दोघांच्याही अंगात तेच विष भिनलेलं. ज्या हॅम्लेटने एका रात्री समोरच्या माणसाला स्वर्ग मिळू नये म्हणून तलवार म्यानात घातली होती, तो आपल्याच खुन्याला उत्तर देतो: 'देव तुला यातून मुक्त करो. मीही तुझ्या मागोमाग येतो.'